दोन्ही हातांचे बीपी आधी, डॉप्लर नंतर

खारपाणपट्ट्यात किडनी या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, दर्यापूर, अंजनगाव, भातकुलीकडे आणि अकोट, तेल्हारा, बाळापूरकडेही, गावात डायलिसिसवर कोण आहे हे शाळकरी पोरेसुद्धा सांगतात. कुणाचे बीपी वाढले, पायांवर सूज आली, की पारावरचे निदान तयार असते: "आपल्या इकडचं पानीच तसं हाय, बाप्पा."

खाऱ्या पाण्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याची तड लागलीच पाहिजे. पण या वाक्याने एक नुकसान होते. पुढची चौकशी थांबते. बीपीने किडनी बिघडते, हे आता गावोगावी माहीत झाले आहे. उलटेही घडते. किडनीकडे रक्त नेणारी धमनी अरुंद झाली की त्यामुळे बीपी वाढते. हे मात्र शिकल्यासवरलेल्यांनाही फारसे ठाऊक नसते. हा प्रकार विरळा आहे. पण बीपीच्या ज्या थोड्या प्रकारांत मूळ कारण सापडते आणि काही वेळा ते दूरही करता येते, त्यांत तो मोडतो. रुग्ण तरुण असला, तर वेळेवर निदान होण्याला फार मोल आहे.

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला हा आजार लगेच कळेल. ठिबकची एक नळी क्षार साचून चोंदते. टोकाच्या झाडांना पाणी पोचत नाही. बागेत नवखा गडी असला तर तो म्हणतो, मोटारीचा दाब कमी पडतो आहे, वाढवा. दाब वाढतो तो साऱ्या बागेतल्या नळ्यांत. चोंदलेल्या जागेपलीकडची झाडे मात्र तहानलेलीच राहतात. किडनी या नवख्या गड्यासारखी वागते. तिच्या धमनीत अडथळा आला, की शरीरातच रक्त कमी पडले आहे असा तिचा समज होतो आणि ती रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन तयार होते. ते अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळते, शिवाय मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवायला लावते. बीपी चढते, आणि दुसरी, धडधाकट किडनी त्या वाढलेल्या दाबाचा मार खात राहते.

रेनिनचा शोध १८९८ सालचा. स्टॉकहोममध्ये टायगरस्टेट आणि बर्गमन यांनी तो लावला, पण पुढची काही दशके त्याकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चांदीचा चिमटा लावून ती आवळली आणि बीपी चढलेले दाखवले. तिथून या विषयाला तोंड फुटले. आज आपल्याकडे घरोघरी दिसणारी टेल्मिसार्टनची गोळी याच रेनिनच्या साखळीत अडसर घालते. याच साखळीवरचे जुने औषध कॅप्टोप्रिल हे ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले. सर्पदंशाने माणसे गमावणाऱ्या आपल्या शिवारात हे सांगितले तर ऐकणारा आधी हसतो.

ही धमनी अरुंद कशाने होते? साठीच्या पुढे, मधुमेह, बिडी-सिगारेट, हृदयविकार असलेल्यांत कारण तेच, जे हृदयाच्या नळ्यांत असते: आतून साचत गेलेला चरबीचा थर. तरुणांत कारणे वेगळी. पाश्चात्त्य देशांतल्या तरुण बायकांत धमनीच्या भिंतीची वाढच वेडीवाकडी होण्याचा विकार, फायब्रोमस्क्युलर डिसप्लेशिया, जास्त दिसतो. आपल्या देशात तरुण वयात टाकायासू आर्टरायटिस हे मोठे कारण आहे. मिकिटो टाकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांमधले विचित्र बदल मांडले, म्हणून त्यांचे नाव. या आजारात महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येते, भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. रुग्ण बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायका. सुरुवात बारीक ताप, थकवा, अंगदुखी, वजन घटणे अशी. आपल्याकडे या लक्षणांवर आधी टायफॉइडची, मग टीबीची, आणि काहीच जमले नाही तर 'रक्त कमी आहे' अशी पाटी लागते.

इथे एक मोठा घोटाळा होऊ शकतो. टाकायासूत हाताकडे जाणारी धमनीही अरुंद होते. त्या हाताची नाडी मंद लागते, कधी लागतच नाही. त्या हातावर पट्टा बांधला तर बीपी ११० दिसते आणि त्याच वेळी शरीरातले खरे बीपी १९० असते. बीपी नॉर्मल असल्याचे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. म्हणजे ज्या हातावर मोजले, तोच हात आजारी होता. म्हणून या साऱ्या विषयातली पहिली चाचणी फुकटची आहे: निदान पहिल्या भेटीत तरी बीपी दोन्ही हातांवर घ्यावे. वरच्या आकड्यात दोन हातांमध्ये १० पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा आला, तर पुढची चौकशी व्हायला हवी आणि बीपी जास्त दाखवणाऱ्या हाताचे धरायला हवे. याला एक मिनिट जास्त लागते. गर्दीच्या ओपीडीत ते मिनिटही महाग असते हे मान्य आहे, तरीही.

आता अंजनगावकडची एखादी २३ वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. डोके दुखते म्हणून आधी चष्म्याचा नंबर तपासला जातो. मग "लग्नाचं टेन्शन घेतलं असन" असे म्हणून आजी मीठ-मोहरी ओवाळते. बीपी कुणी घेतच नाही, कारण या वयात बीपी असते हे कुणाच्या मनातच येत नाही. सरकारी तपासणीतही ती येत नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, तो तीस वर्षांवरच्यांचा. सर्वसाधारण बीपी-शुगरच्या दृष्टीने ही मर्यादा समजण्यासारखी आहे. पण धमनी अरुंद झाल्याने वाढणारे, बरे होण्याजोगे बीपी शोधायचे तर तिशीच्या आतच जास्त शोधायला हवे, आणि नेमके तेच वय यादीबाहेर राहते.

बऱ्याच मुलींचे बीपी आयुष्यात पहिल्यांदा मोजले जाते ते गरोदरपणात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होते. तिथे वीस आठवड्यांच्या आतच बीपी १४०/९०च्या वर आढळले, तर त्याला 'गरोदरपणाचे बीपी' म्हणून सोडून देता येत नाही. ते बहुधा आधीपासूनचे असते. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनीही ते उतरले नाही, तर कारण शोधलेच पाहिजे. पण एकदा बाळ हाती आले की आईच्या बीपीची आठवण कुणाला राहते? लसीकरणाला बाळ येते, आई त्याला कडेवर घेऊन उभी असते, आणि पट्टा मात्र कपाटात. (गरोदरपणात टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी औषधे चालत नाहीत. मूल हवे असणाऱ्या तरुण बाईला ती लिहिण्याआधी हे बोलणे झालेले असावे.)

मग सगळ्याच बीपीवाल्यांच्या किडनीच्या धमन्यांची डॉप्लर करून टाकावी का? हा प्रश्न सरळ दिसतो, उत्तर तसे नाही. थोडा हिशोब करू. बीपी असलेल्या सर्वसाधारण लोकांत हा विकार शंभरात एक ते पाच जणांत असतो असे धरतात. आपण कमीत कमी, एक धरू. हजार जणांची डॉप्लर केली. त्यांत आजारी दहा. चाचणी नव्वद टक्के अचूक आहे असे समजा, म्हणजे दहापैकी नऊ सापडले. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांतही दहा टक्के वेळा ती चुकेल, म्हणजे ९९ जणांच्या हाती 'धमनी अरुंद असल्याची शंका' असा कागद पडेल. घाबरलेल्या १०८ जणांत खरे आजारी नऊ. बाकीच्यांची सीटी अँजिओग्राफी होईल, त्यासाठी किडनीवरच ताण देऊ शकणारा डाय शिरेतून जाईल, क्ष-किरण जातील, पैसे जातील, आणि काही रात्रींची झोपही.

हाच हिशोब निवडक लोकांवर करा. ज्यांच्यात संशयाला जागा आहे असे शंभर जण घेतले आणि त्यांत आजारी तीस आहेत असे धरले, तर त्याच चाचणीने २७ खरे सापडतील आणि फक्त सात जणांना उगाच धास्ती. यंत्र तेच आहे, चाचणीही तीच. फरक पडला तो कुणाला पाठवायचे या निर्णयाने, आणि तो निर्णय स्टेथोस्कोप गळ्यात असलेल्या साध्या डॉक्टरच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट कटू आहे. वयस्क माणसात चरबीने अरुंद झालेली धमनी सापडली, म्हणजे तिथे स्टेंट बसवला की काम झाले, असे नाही. दोन मोठ्या अभ्यासांनी हा समज मोडीत काढला. २००९ मध्ये जाहीर झालेल्या 'अ‍ॅस्ट्रल' चाचणीत ८०६ रुग्ण होते. काहींना औषधांसोबत स्टेंट-फुगा, काहींना नुसती औषधे. किडनीचे काम, बीपी, आयुष्य, कशातच स्टेंटचा ठळक फायदा दिसला नाही. उलट, प्रक्रियेमुळे २३ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, त्यात दोन मृत्यू. २०१४ च्या 'कोरल' अभ्यासात हृदय आणि किडनीच्या मोठ्या घटना स्टेंट बसवलेल्यांत ३५.१ टक्के आणि औषधांवरच्यांत ३५.८ टक्के. म्हणजे जवळपास सारख्याच. तेव्हा पासष्टीच्या, बीपी गोळ्यांनी नीट ताब्यात असलेल्या आजोबांना नागपूरला नेऊन स्टेंट घालण्याची घाई कुणी करत असेल, तर घरच्यांनी 'याने नेमके काय बदलणार?' हे विचारायला लाजू नये.

अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. एकाएकी फुप्फुसात पाणी भरून रात्री-बेरात्री श्वास कोंडणारे, दोन्ही धमन्या अरुंद होऊन किडनी झपाट्याने उतरत चाललेले, तीन-तीन औषधे पूर्ण मात्रेत देऊनही बीपी न जुमानणारे, अशा रुग्णांत तज्ज्ञ धमनी उघडण्याचा विचार करतात. तरुणांची गोष्ट तर वेगळीच. फायब्रोमस्क्युलर विकारात नुसत्या फुग्याने धमनी रुंद केल्यावर कित्येकांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतात. टाकायासूत आधी औषधांनी सूज शांत करावी लागते, मग धमनीचे बघायचे. म्हणून शोधायचे असेल तर तरुणांत शोधा, असे आमचे म्हणणे आहे.

संशय घ्यायचा कशावरून? यातले बरेचसे तालुक्याच्या गावातच होण्यासारखे आहे. तिशीच्या आत सुरू झालेले बीपी, विशेषतः घरात कुणाला नसताना. पंचावन्ननंतर अचानक आलेले किंवा वर्षानुवर्षे ताब्यात असलेले आणि एकदम बेलगाम झालेले. पोटावर, बेंबीच्या वर बाजूला स्टेथोस्कोप टेकवला की नाडीसोबत येणारा घुं-घुं आवाज. हा आवाज नसला म्हणजे आजार नाही असे नव्हे, पण असला तर तो फुकट मिळालेला पुरावा. रक्तात पोटॅशियम कमी असणे. क्रिएटिनिन नॉर्मल असले तरी निर्धास्त होऊ नये, कारण एक किडनी आवळली तरी दुसरी बरेच दिवस काम निभावून नेते.

आणि सोनोग्राफी. ती आता तालुक्याच्या गावांतही होते आणि पोटदुखी, मुतखडा, गरोदरपण अशा ना त्या कारणाने बहुतेक घरांत एखादा जुना रिपोर्ट पडलेला असतो. त्यात उजव्या आणि डाव्या किडनीची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहिलेली असते. सर्वसाधारणपणे ती नऊ ते बारा. दोहोंत दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असला, तर लहान किडनीला रक्त कमी मिळत असल्याची शक्यता असते. मुतखडा नाही एवढे वाचून तो कागद गादीखाली जातो, आणि त्यातली ही ओळ कुणी वाचत नाही. बीपीच्या डॉक्टरकडे जाताना तो घेऊन जा.

एक चाचणी तर औषधातच दडलेली आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही औषधे सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासायचे असते. क्रिएटिनिन थोडे वाढले तर घाबरायचे कारण नाही. ते तीस टक्क्यांहून जास्त वाढले, तर दोन्ही किडन्यांच्या धमन्या, किंवा एकुलत्या एका किडनीची धमनी, अरुंद असल्याचा संशय घ्यायचा. पुस्तकात हे ठळक लिहिलेले आहे. प्रत्यक्षात गोळी महिनोन्‌महिने चालू राहते आणि दुसरे क्रिएटिनिन होतच नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, घामाने अंगातले पाणी आटते, त्यात जुलाब लागतात आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळीही चालू असते. अशा वेळी ही बीपीची औषधे किडनीला जड जाऊ शकतात. ती मनाने बंद करू नका, पण उलट्या-जुलाबाच्या दिवसांत ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरला त्याच दिवशी विचारा. आणि दुखण्याच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. बीपी गोळ्यांना जुमानत नाही, याचे कारण कित्येकदा धमनीत नसते, ते याच गोळ्यांत, चुकवलेल्या डोसांत आणि ताटातल्या ठेच्या-पापडात असते.

यातून संशय उरला, तर पुढची पायरी बहुधा किडनीच्या धमन्यांची डॉप्लर. डाय नाही, क्ष-किरण नाहीत, म्हणून ती आधी. धमनी जिथे अरुंद असते तिथे रक्त वेगाने धावते, नदीचे पात्र अरुंद झाले की धार वाढते तसे. वेग सेकंदाला दोनशे सेंटीमीटरच्या आसपास किंवा वर गेला की अरुंदपणा मोठा समजतात. पण ही चाचणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून आहे. पोटात गॅस असला, माणूस स्थूल असला, तर धमनी दिसतच नाही. सकाळी उपाशीपोटी जावे आणि ही डॉप्लर नेहमी करणारा रेडिओलॉजिस्ट कोण, हे आधी विचारून घ्यावे. डॉप्लर अस्पष्ट आली तर सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी. किडनी बरीच उतरलेली असेल तर दोन्हींच्या डायबद्दल आधी बोलणे आवश्यक. पूर्वी कॅप्टोप्रिल देऊन किडनीचे स्कॅन काढत, रक्तातले रेनिन मोजत. प्राथमिक चाळणीसाठी ते आता सुचवत नाहीत. मांडीतून नळी घालून काढायची अँजिओग्राफी ही शेवटची, आणि ती बहुधा धमनी उघडायचे ठरले तरच.

अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयाला लोक सुपर स्पेशालिटी म्हणतात, तिथे आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात खेड्यातून माणूस पोचतो तो बहुतेकदा किडनी उतरल्यावर. त्याआधीची पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची आहे, आणि तिथे नवे यंत्र कुणी मागत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने तीन गोष्टी केल्या तरी पुरे. कॉलेजांत, आयटीआयमध्ये वर्षातून एकदा बीपी घ्यावे, आणि वाढलेले आढळले तर दोन्ही हातांवर पुन्हा. बाळाच्या लसीकरणाच्या दिवशी आईचेही बीपी घ्यावे. आणि टेल्मिसार्टनची पहिली चिठ्ठी लिहिताना तिच्यावरच पुढच्या क्रिएटिनिनची तारीख टाकावी. सरकारी दवाखान्यांतून रक्ताचे नमुने महालॅबकडे जातातच, त्यात ही एक नळी जास्त जाईल.